कलमांची देवघेव : ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया आणि खानदेशातील घरबागा

शेतीच्या ज्ञानामागे बाजारपेठ, सरकारी खाते आणि संशोधन केंद्रे उभी असतात. घराभोवतीच्या बागेचे ज्ञान मात्र बहुतांशी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात, हाती दिलेल्या फांदीबरोबर आणि तिच्यासोबत सांगितलेल्या दोन शब्दांतून पसरत आले आहे. ही देवघेव हौशी माणसांच्या आवडीवर चालत असल्यामुळे तिची नोंद फारशी राहत नाही, आणि म्हणूनच तिला नियम, सभासद, बाग व वार्षिक प्रदर्शन यांची चौकट देणाऱ्या संस्थेचा इतिहास मोलाचा ठरतो. पश्चिम भारतात हे काम प्रथम ज्या संस्थेने हाती घेतले, त्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची स्थापना १८३० ची मानली जाते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा कारभार आजही याच नावाच्या संस्थेकडे आहे. प्रस्तुत लेखात या संस्थेची वाटचाल मांडली असून, तिच्यासारख्या संस्थांनी जमवलेले ज्ञान जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांच्या मातीत उतरताना त्याचे काय झाले, याचा विचार बहुवर्षायू फुलझाडे आणि हिरवळ या दोन विषयांपुरता केला आहे.

संस्थेच्या जन्माच्या वेळी अशा मंडळांची कल्पना नवी नव्हती. लंडनमध्ये उद्यानविद्येची संस्था १८०४ साली सुरू झाली होती, आणि कलकत्त्यात विल्यम केरी यांच्या पुढाकाराने १८२० साली कृषी व उद्यान या दोन्ही विषयांना वाहिलेली संस्था निघाली होती. मुंबई इलाख्यात सर जॉन माल्कम हे १८२७ ते १८३० या काळात गव्हर्नर असताना, पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. त्याची देखरेख पुढे चार्ल्स लश यांच्याकडे आणि १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. गिब्सन यांनी तेथील झाडांची चित्रे एका स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतली. ती चित्रे एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत, मात्र ज्याच्या हातून ती उतरली त्याचे नाव मागे राहिले नाही. ही उणीव त्या काळच्या सगळ्याच उद्यानकार्यात आढळते. साहेबांची नावे राहिली. खुरपे, कुदळ आणि कलमाचा चाकू ज्यांनी चालवला त्या माळ्यांची राहिली नाहीत. झाडाला पाणी केव्हा तोडावे आणि छाट किती खोल द्यावी, हे ज्ञान प्रत्यक्षात त्यांच्याच हातात होते, हे कोणत्याही बागेच्या इतिहासात स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे.

मुंबईत संस्थेला शिवडी येथे बागेसाठी जागा मिळाली होती. पुढे ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेल्याने माझगाव-भायखळा भागात नवी जमीन देण्यात आली आणि शिवडीची झाडे तेथे हलवण्यात आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते हे नवे उद्यान लोकांसाठी खुले झाले. व्हिक्टोरिया गार्डन म्हणून ओळखले गेलेले हे उद्यान मुंबईकरांच्या बोलण्यात राणीची बाग झाले आणि आज त्याचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. १८७३ साली मुंबईतील संस्थेचे काम थांबून उद्यान नगरपालिकेकडे गेले, तरी तोपर्यंत एक मोठी गोष्ट घडून गेली होती. परदेशातून आलेले झाड रुजवून, त्याची रोपे करून ती खासगी बागांपर्यंत पोहोचवणारी साखळी तयार झाली होती. या साखळीला वॉर्ड यांच्या काचपेटीची मोठी मदत झाली. ही चारही बाजूंनी बंद काचेची पेटी असे. आतल्या ओलीची वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत असल्याने, महिनोन्‌महिने जहाजावर राहूनही रोप जिवंत राही आणि खाऱ्या वाऱ्यापासूनही वाचे. १८३० च्या दशकात तिचा उपयोग सुरू झाल्यानंतर, पूर्वी मुख्यतः बी किंवा कंद यांच्या रूपाने होणारी आयात जिवंत रोपांच्या रूपाने सोपी झाली.

आज महाराष्ट्राच्या अंगणात ज्यांना कोणी परके समजत नाही, अशी अनेक फुलझाडे समुद्र ओलांडूनच आलेली आहेत. निशिगंध, झेंडू आणि देवळाजवळचा पांढरा चाफा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, तर सदाफुली मादागास्करची. यांतली काही झाडे पोर्तुगीजांच्या काळातच आली होती, काही नंतर आली, पण ती सर्वदूर पसरली ती फांदी देण्याघेण्यातून. मोगरा, जाई, जुई, कण्हेर आणि जास्वंद ही जुनी मंडळी अंगणात होतीच. नव्या पाहुण्यांनी त्यांना बाजूला सारले नाही, उलट पूजेच्या परडीत त्यांच्या शेजारी जागा मिळवली.

पुण्यातील एम्प्रेस गार्डन आरंभी लष्करी छावणीतील सैनिकांसाठी होते आणि त्यामुळे सोल्जर्स गार्डन या नावाने ओळखले जाई. व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्यानंतर त्याला आजचे नाव मिळाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची व्यवस्था संस्थेकडे आली. सुमारे ३९ एकरांच्या या बागेत जुने वृक्ष, पाण्याचे पाट आणि खोडांवरून खोडांवर गेलेली गारंबीची अजस्र वेल असली, तरी हौशी बागकाम करणाऱ्यांच्या दृष्टीने तिचे खरे महत्त्व दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात आहे. अशा प्रदर्शनात गुलाब, हंगामी फुले, कुंडीतील झाडे, फुलांच्या रचना, भाजीपाला असे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला परीक्षक व बक्षिसे असतात. तथापि बक्षिसापेक्षा टेबलापाशी होणारे बोलणे अधिक टिकते. एखाद्याची शेवंती गुडघाभर आणि दुसऱ्याची टोपलीसारखी पसरलेली का, हे पाहणारा विचारतो, आणि शेंडे कोणत्या महिन्यात व किती वेळा खुडले हे वाढवणारा सांगतो. ही प्रश्नोत्तरे कोठे छापली जात नाहीत, परंतु पुण्यातल्या किती गच्च्या आणि बंगल्यांच्या बागा त्यांवर उभ्या आहेत हे प्रदर्शनात एक सकाळ घालवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

छापील सल्ल्याचा प्रवाहही याच परिसरातून वाहिला. गणेशखिंड येथे १८७३ साली सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. तेथे काम केलेल्या जॉर्ज मार्शल वुड्रो यांनी भारतातील बागकामावर लिहिलेले पुस्तक अनेक आवृत्त्यांनी गाजले. बंगालमधील धर्मोपदेशक फर्मिंजर यांची १८६० च्या दशकातील मार्गदर्शिका विसाव्या शतकात विल्यम बर्न्स यांनी सुधारून काढली. बर्न्स मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ही पुस्तके परिश्रमपूर्वक लिहिलेली आहेत आणि आजही उपयोगी पडतात, पण त्यांच्या दोन मर्यादा होत्या. ती इंग्रजीत असल्याने बंगल्यातल्या मालकापर्यंत पोहोचली, परसात काम करणाऱ्या बाईपर्यंत नाही. शिवाय त्यांतले वेळापत्रक बंगालच्या दमट हवेवर किंवा पुण्याच्या सौम्य उन्हाळ्यावर बेतलेले होते. तापीच्या खोऱ्यात ते तसेच्या तसे चालणे शक्य नव्हते.

१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव व धुळे ही त्यांची ठाणी ठरली. समुद्रसपाटीपासून पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तर जळगाव सुमारे २०० आणि धुळे सुमारे २५० मीटरवर. मे महिन्यात जळगावचा पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, हवा कोरडी असते आणि दुपारचा वारा पानांतले पाणी मुळांना पुरवता येणार नाही इतक्या वेगाने ओढून घेतो. पाऊस साधारण ५०० ते ८०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांतच. माती बहुतेक ठिकाणी काळी कसदार, कापसाला पोसणारी. ओली झाली की फुगून चिकट होणारी आणि वाळली की हात जाईल अशा भेगा देणारी. येथे सरकारी कृषिकार्याचा आरंभ तसा लवकर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भडगाव येथे प्रायोगिक शेत होते. स्वातंत्र्यानंतर १९६० साली धुळ्याला कृषी महाविद्यालय निघाले आणि १९६८ साली राहुरीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्याशी जोडले गेले. या संस्थांचे लक्ष कापूस, केळी, भुईमूग आणि ज्वारी यांच्यावर राहिले, आणि तेच योग्य होते. कारण जिल्ह्याचे पोट त्या पिकांवर होते. मात्र त्यामुळे अंगणातल्या मोगऱ्याची कळी का गळते, हे विचारायला हक्काची जागा खानदेशात फार उशिरापर्यंत नव्हती.

जागा नव्हती म्हणून बाग नव्हती, असे नाही. धाब्याच्या घरामागे न्हाणीचे पाणी जेथे जाई तेथे कर्दळ, अळू आणि एखादी केळ असेच. तुळशीपाशी सदाफुली, कुंपणाला कण्हेर, विहिरीच्या काठी जाईचा मांडव. पाण्याचा थेंब दोनदा वापरणारी ही परसबाग खानदेशातली सर्वांत जुनी आणि सर्वांत शहाणी बाग आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. तिच्यातील निवड पिढ्यान्‌पिढ्यांच्या उन्हाळ्यांनी केलेली आहे. दोन वर्षांहून अधिक जगणाऱ्या आणि पुन:पुन्हा फुलणाऱ्या झाडाला बहुवर्षायू म्हणतात. युरोपात अशा झाडांची विश्रांती बर्फाच्या दिवसांत होते, वसंतात त्यांना नवे धुमारे फुटतात, आणि त्या देशांतील पुस्तकांतील लागवड, छाटणी व खत यांचे सगळे हिशेब या थंडीच्या झोपेवर मांडलेले असतात. खानदेशात झाडाची कसोटी उन्हाळ्यात लागते. येथे झाड टिकते ते कण्हेरीसारखी चामडी पाने असल्यामुळे, बोगनवेलीसारखी ताणात फुलण्याची सवय असल्यामुळे, चाफ्यासारखे खोडात पाणी साठवता येत असल्यामुळे, किंवा पावसाळी लिलीसारखे कंदाच्या रूपाने जमिनीखाली दडून पहिल्या सरीची वाट पाहता येत असल्यामुळे.

मोगऱ्याची गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. त्याला वर्षभर सारखे पाणी घातले तर तो पानांनीच माजतो आणि कळी धरत नाही. म्हणून पावसाळा सरल्यावर त्याचे पाणी हळूहळू तोडतात, हिवाळ्यात पाने झडू देतात किंवा हाताने ओरबाडतात, काड्या छाटून मुळाभोवतीची माती उकरून दोन-चार दिवस ऊन देतात, आणि मग शेणखत भरून पाणी सुरू करतात. असे केलेला बटमोगरा किंवा मदनबाण मार्चपासून बहरतो आणि ऐन उन्हाळ्यात, बाकीची बाग कोमेजलेली असताना, संध्याकाळी ओंजळभर कळ्या देतो. झाडाला ताण देण्याची ही कला खानदेशातील शेतकऱ्याला लिंबू-मोसंबीच्या बहारामुळे ठाऊक आहेच. अंगणात ती वापरावी, एवढेच सांगायचे राहिलेले असते.

गुलाब, जास्वंद आणि विशेषतः एक्झोरा यांच्याबाबत काळ्या जमिनीत एक तक्रार पुन:पुन्हा येते. शेंड्याकडचे नवे पान हातात घेऊन उजेडाकडे धरले असता, पानाचा सगळा पोत लिंबासारखा पिवळा आणि त्यात शिरांचे जाळे मात्र हिरवेगार दिसते. जुनी, खालची पाने अजून हिरवीच असतात. ही लोहाची कमतरता होय. जमिनीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे विम्लता वाढलेल्या मातीत ते मुळांना घेता येणार नाही अशा रूपात अडकून पडते, आणि कूपनलिकेचे जड पाणी रोज घातले की अडचण वाढतच जाते. अशा झाडाला पाण्याची कमतरता समजून अधिक पाणी दिले, तर काळी माती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि पिवळेपणा आणखी वाढतो. त्यावर हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची, विरळ फवारणी उन्हे कलल्यावर करतात. ती तात्पुरती असते. कायमचा उपाय म्हणजे खड्ड्यातील माती मुरूम व भरपूर कुजलेल्या खताने हलकी करणे, आणि छपरावरचे पावसाचे पाणी मिळेल तेव्हा तेच देणे. पुण्याच्या तांबूस, निचऱ्याच्या बागेत वाढलेल्या सल्ल्यात ही गोष्ट सहसा आढळत नाही, आणि खानदेशात मात्र तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

हिरवळीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर मतभेदही अधिक आहेत. युरोपातील हिरवळ राय, फेस्क्यू, बेंट अशा थंड हवेत वाढणाऱ्या गवतांची असते. साधारण १५ ते २४ अंश तापमानात ती जोमाने वाढतात आणि उन्हाळ्याच्या झळा लागल्या की करपतात. उष्ण प्रदेशातील गवतांची वाढ २७ ते ३५ अंशांच्या दरम्यान सर्वांत चांगली होते, आणि त्यांत काटकपणात हरळीला तोड नाही. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा हीच. खानदेशातील शेतकरी कुंदा आणि हरळी या दोन गवतांशी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आला. काळ्या रानात खोल गेलेली त्यांची मुळे काढण्यासाठी भर उन्हाळ्यात कुदळीने रान खणून काढावे लागे, आणि लोखंडी नांगराचे स्वागत झाले त्यामागे हेही एक कारण होते. ज्या गवताच्या कांड्या बांधावरून पुन्हा वावरात येऊ नयेत म्हणून वडील जपत, त्याच कांड्या मुलाने शहरातील बंगल्यापुढे टोचून लावाव्यात, हे पाहून जुन्या माणसांना नवल वाटले तर त्यात त्यांचा दोष नाही.

हरळीची हिरवळ करायची तर काम एप्रिलमध्येच सुरू होते. जमीन वीतभर खोल खणून ढेकळे उलटी टाकतात आणि वैशाखाच्या उन्हात तापू देतात. हे ऊन लव्हाळ्याच्या गाठी वाळवण्यासाठी अत्यंत उपयोगाचे आहे. लव्हाळा हे गवतासारखे दिसणारे तण असून त्याच्या जमिनीखालील तंतूंना काळ्या मण्यांसारख्या गाठी लागतात. वरची पाने कितीही कापली तरी प्रत्येक गाठीतून तो पुन्हा उगवतो. म्हणून ढेकूळ हाताने फोडून, तंतू न तोडता गाठींची माळ सबंध ओढून काढावी लागते. पहिल्या पावसानंतर जो उरलेला लव्हाळा डोके वर काढतो, तोही वेचून घेतल्याशिवाय लावणी करू नये. येथे केलेली आठ-पंधरा दिवसांची घाई पुढे कित्येक वर्षे निस्तरावी लागते. जमीन सपाट करताना घरापासून बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवतात, कारण काळ्या मातीत साचलेले पाणी जिरता जिरत नाही. मग आषाढात हरळीच्या कांड्या चार बोटांच्या अंतरावर टोकतात, किंवा कांड्यांचे बारीक तुकडे शेण व मातीच्या काल्यात मिसळून तो काला जमिनीवर सारखा पसरतात. पहिली कापणी यंत्राने न करता धारदार विळ्याने करणे चांगले, कारण मुळे पुरती न धरलेली कांडी यंत्राच्या पात्याबरोबर उपटून येते. पुढच्या कापण्यांत एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागाहून अधिक गवत काढू नये आणि उन्हाळ्यात तर ते चार-पाच सेंटिमीटर उंच राहू द्यावे, म्हणजे मातीवर सावली राहते. भेगा पडू लागल्या की वाळू आणि चाळलेले शेणखत यांचे मिश्रण त्यांत भरतात.

रोपवाटिकेत चौकोनी गालिच्याच्या रूपात मिळणारे, मऊ पात्यांचे कोरियन गवत दिसायला सुरेख असते आणि त्याची मागणी जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत वाढली आहे. परंतु ते सावकाश वाढते, त्याचे उंचवटे होतात आणि त्याला पाणी नियमित लागते. पाण्याचा हिशेब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर धरले तरी १०० चौरस मीटरच्या हिरवळीला दिवसाला ६०० लिटर पाणी लागते. ज्या शहरांत नळाला रोज पाणी येण्याची खात्री नाही, तेथे हा आकडा प्रत्येक बागप्रेमीने लावणीपूर्वी कागदावर लिहून पाहिला पाहिजे. हिरवळ पायाखाली लागते तेवढ्याच तुकड्यात, चालण्या-बसण्याच्या जागी ठेवावी आणि उरलेल्या जागेत बहुवर्षायू फुलझाडे, फरसबंदी व पालापाचोळ्याचे आच्छादन असावे, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. झाडाच्या दाट सावलीत तर हरळी लावूच नये. तिला ऊन हवे असते आणि सावलीत ती विरळ होत जाते.

पाण्याच्या बाबतीत खानदेशाला स्वतःची परंपरा आहे. पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांना, म्हणजे एकत्र पिकवायच्या जमिनीच्या मोठ्या पट्ट्यांना, दिले जाई. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळे मिळून ठरवत आणि पाटकरी क्रमाने पाणी फिरवी. दुसरीकडे, वाकोदला जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी जळगावात उभ्या केलेल्या उद्योगामुळे ठिबक सिंचन, म्हणजे नळीतून मुळापाशी थेंबथेंब पाणी देण्याची पद्धत, केळीच्या बागांतून सामान्य माणसाच्या ओळखीची झाली. तीच बारीक नळी आता कुंड्यांच्या रांगांतूनही फिरलेली दिसते. जैन हिल्सचा परिसर आणि बांभोरीच्या टेकड्यांवरील विद्यापीठाचा परिसर या दोन्ही ठिकाणी उघड्या माळावर झाडी उभी राहिली. मुरमाड उतारावर कोणते झाड किती पाण्यात तगते, याचे ते चालते-बोलते नमुने आहेत आणि घरबागेच्या अभ्यासकाने ते ऋतुमानाप्रमाणे पाहून यावेत.

शेतकऱ्यांच्या आपापसांतील शिक्षणाचा जो प्रयोग श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या रूपाने केला, त्यात प्रत्येकाने आपल्या दहा गुंठ्यांत काय केले आणि काय झाले, हे इतरांना कळवायचे असे. सोसायटीच्या पुष्पप्रदर्शनात जे वर्षातून एकदा घडते ते येथे वर्षभर घडत होते. खानदेशातील घरबागांना या दोन्हींची गरज आहे. पुण्याच्या धर्तीवर जानेवारीतले प्रदर्शन येथेही शोभेल, कारण तेव्हा हवा गार असते, शेवंतीचे शेवटचे बहर आणि गुलाबाचे भर एकत्र सापडतात. पण या मातीची परीक्षा पाहणारे दुसरे प्रदर्शन मे महिन्याच्या अखेरीस भरवले पाहिजे, आणि त्यात सर्वांत मोठ्या फुलाऐवजी सर्वांत कमी पाण्यावर हिरव्या राहिलेल्या अंगणाला मान मिळाला पाहिजे. प्रत्येक कुंडीपाशी झाडाच्या नावाबरोबर मातीचा प्रकार, छाटणीचा महिना आणि आठवड्याला दिलेले पाणी लिहिलेले असावे. फांदी मागणाऱ्याला फांदीबरोबर ती चिठ्ठीही द्यावी, आणि फांदी देणाऱ्या माळ्याचे नाव तिच्यावर लिहायला विसरू नये.